नाशिकहून वैतरणा खाडीत स्वतःची होडी उतरवायची आहे : रॅम्प कुठला, वेळ कुठली?

उगमकर (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार,

आम्ही नाशिकचे चार-पाच जण धरणांच्या पाण्यावर होडी चालवतो. (रीतसर परवानगीने. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच येतील.) चौदा फुटी ॲल्युमिनियमची होडी, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, सातपूर एमआयडीसीत बनवून घेतलेला ट्रेलर आणि तो ओढायला बोलेरो.

डोक्यात किडा असा आहे की ब्रह्मगिरीवरून निघणारी गोदावरी पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते आणि तिचं कौतुक करायला अख्खं नाशिक आहे, अख्खं आंध्र आहे. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्यापाशी अरबी समुद्राला मिळते. तिच्याकडे मात्र आपण इगतपुरीजवळच्या धरणाच्या पुढे बघतही नाही. आम्ही उगम पाहिला, अप्पर वैतरणा पाहिलं, मोडक सागर लांबून पाहिलं. ते मुंबईचं पिण्याचं पाणी, तिथे होडी घालायचा प्रश्नच नाही. आता राहिला शेवटचा खारा टप्पा, आणि तो होडीतूनच बघायचा आहे. सफाळ्याच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरायचं, रेल्वेच्या दोन पुलांपर्यंत वर जायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं.

आता प्रश्न. ट्रेलर मागे घेत थेट पाण्यात नेता येईल असा सार्वजनिक काँक्रीटचा उतार या खाडीवर कुठे आहे? विरार–सफाळे रो-रोसाठी (गाड्या वाहून नेणारी फेरीबोट) मारंबळपाडा आणि जलसारला जे रॅम्प आहेत ते वापरू देतात का? खाऱ्या पाण्यात ट्रेलर बुडवावा की बुडवू नये यावर आमच्यातच दोन तट पडलेत. आणि भरती-ओहोटीचं कोष्टक वाचता येतं, पण रॅम्पवर उभं राहिल्यावर त्याचा अर्थ काय होतो ते अनुभवी माणसांनी सांगावं. आमच्या धरणात पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी सापडतं.

अण्णा_निफाडकर

कशाला एवढा उपद्व्याप? सफाळ्याला उतरा, एखाद्या कोळीबंधूला पैसे द्या, दिवसभर फिरा. होडी त्याची, डिझेल त्याचं आणि अक्कलही त्याचीच. तुमची बोलेरो तेवढी कोरडी राहील.

उगमकर

अण्णा, मुद्दा पटला तरी ऐकणार नाही. :)

खाडीपलीकडे

मी त्याच बाजूचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परदेशी व्हिडिओंत दिसतो तसा, खासगी होड्यांसाठी सरकारने बांधलेला, बाजूला गाडीतळ आणि धुण्याचा नळ असलेला रॅम्प आपल्या खाड्यांवर शोधत बसू नका. आपल्याकडे जो काँक्रीटचा उतार दिसतो तो कुणाच्या तरी रोजच्या कामाचा असतो.

रो-रोचा रॅम्प बघून तोंडाला पाणी सुटतं, मान्य आहे. रुंद, चांगल्या उताराचा, पाण्याच्या आत गेलेला. पण फेरीबोट तिथे येते ती पुढची फळी रॅम्पवर टेकवून. गाड्या चढ-उतर होईपर्यंत ती इंजिनाचा जोर लावून जागेवर धरलेली असते. तिच्या पंख्याचा लोट बाजूला मारतो, त्यात तुमची चौदा फुटी होडी पाचोळ्यासारखी फिरेल. शिवाय पाण्यावरून हे अंतर जेमतेम दीड किलोमीटर आणि रस्त्याने वळसा साठेक किलोमीटरचा, त्यामुळे २०२५ मध्ये ही सेवा सुरू झाल्यापासून दोन्ही काठांवर माणसं तिच्या भरवशावर येतात. तुमचा ट्रेलर रॅम्पवर अडकला की त्या सगळ्यांचा खोळंबा. कोणी हटकलं नाही तरी तिथे उतरवू नका. बंदर कार्यालयाने लेखी परवानगी दिली आणि फेरीच्या कप्तानाशी वेळ ठरली, तर गोष्ट वेगळी.

राहिला मच्छीमारांचा धक्का. काही धक्क्यांना बाजूने उतार असतो, होड्या ओढून दुरुस्तीला घ्यायला. मी तुमच्या जागी असतो तर तिथे विचारलं असतं, आणि तेही आदल्या आठवड्यात एकदा नुसतं जाऊन, ट्रेलर न घेता. मच्छीमार सोसायटीत जा, कोणत्या वेळी उतार मोकळा असतो ते विचारा. मासळी उतरायची आणि लिलावाची वेळ टाळा. उतारावर जाळी वाळत घातलेली असतील तर ती स्वतः गोळा करायला जाऊ नका आणि त्यांवरून चाक तर अजिबात नेऊ नका. जाळं फाटलं तर तुमचं बोलणं तिथेच संपलं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. उद्या पन्नास ट्रेलर आले तर शिव्या मला पडतील.

आणि काठाची तिवरं बाजूला करून आपणच उतार पाडू असा विचार कुणाच्या मनात येत असेल तर तो सोडा. कांदळवन तोडणं, त्यात भराव टाकणं हा गुन्हा आहे, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा खडसावून सांगितलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो, ट्रेलरचं काय घेऊन बसलात.

रातराणी_देवळाली

पन्नास ट्रेलर? नाशिकमध्ये होडीचे पाच ट्रेलर निघाले तरी मी मिसळ खिलवीन.

वल्हेवाली

कॉलेजात असताना गोदावरीवर रोइंग केलंय, नंतर नोकरीमुळे काही वर्षं किनाऱ्यावर काढली. भरतीबद्दल मी लिहिते, कारण नाशिककरांची गोची नेमकी तिथेच होते.

सगळेजण निघायच्या वेळी पाणी किती असेल ते बघतात. बघायचं असतं ते परतायच्या वेळचं. होडी उतरवताना पाणी कमी असेल तर फार तर तासभर थांबाल. परत येताना कमी असेल तर होडी पाण्यात, गाडी वर आणि मधे चिखल.

आता हिशेब. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे पाणी चढायला सहा-सव्वासहा तास आणि उतरायला तेवढेच. पण ते सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईच्या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो असं धरा. मग पहिल्या तासात पाणी फक्त ३३ सेंटिमीटर उतरेल. तुम्ही म्हणाल, काही नाही, अजून एक चक्कर मारू. तिसऱ्या तासात ते एक मीटर उतरेल आणि चौथ्यात आणखी एक.

हे रॅम्पवर टाकून बघा. उतार आठाला एक असेल तर पाणी उभं एक मीटर उतरलं की रॅम्प आठ मीटर उघडा पडतो. दोन तासांत सोळा मीटर! आणि जो भाग उघडा पडतो तो शेवाळाचा.

भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो. पाण्याची ओढही कमी असते. पहिल्यांदा जाताय तर भांगेचेच दिवस धरा.

तिथीवरून वेळ काढायची जुनी रीत घरात कुणाला तरी माहीत असेलच. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. घरी दिनदर्शिकेसमोर उभं राहून बेत करायला झकास आहे. निघताना मात्र छापील कोष्टकच बघा.

खाडीपलीकडे

वल्हेवाली ताई, अगदी बरोबर. एकच जोड देतो. मुंबईची वेळ ही मुंबईची. खाडीत आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते, आणि नदीचं पाणी वरून येत असल्यामुळे सुकती, म्हणजे पाणी उतरण्याचा काळ, भरतीपेक्षा जास्त वेळ चालते. आमच्याकडे धक्क्यावरचा कुठलाही म्हातारा कोष्टकात किती मिनिटं मिळवायची ते तोंडावर सांगेल. त्याला विचारा, ॲपला नको.

पाना_नंबर_१३

अंबडला गॅरेज आहे, त्यामुळे ट्रेलरचं मी बघतो.

पहिला प्रश्न : ट्रेलर नुसता ऑइलपेंट मारलेला आहे की हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला? सातपूरचे बरेच फॅब्रिकेटर पोकळ चौकोनी पाइप वापरतात. पाइपची तोंडं बंद नसतील तर खारं पाणी आत जातं आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग चकाचक आणि एक दिवस वेल्डिंगपाशी मोडतो. पाइपला खालच्या बाजूने भोकं ठेवा, म्हणजे पाणी निथळतं आणि धुताना आतून पाइप मारता येतो.

दुसरं बेअरिंग. हे नीट ऐका. नाशिकहून दीडशे किलोमीटर ट्रेलर ओढत गेलात, हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तापलेला आहे. तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. खारं पाणी. परतीच्या वाटेवर त्याचं ग्रीस पांढरं होतं आणि एखाद्या घाटात चाक आवाज करायला लागतं. पोचल्यावर हबला हात लावून बघा. हात ठेवता आला पाहिजे. तोवर चहा घ्या. मरीनचं, पाण्याने न धुपणारं ग्रीस भरा, नवीन सील टाका, आणि एक तयार हब बेअरिंगसकट सोबत ठेवा. मनोरच्या पुढे रात्री आठला तुमच्या साइजचं बेअरिंग मिळेलच असं समजू नका.

ट्रेलर बुडवायचा की नाही याचं उत्तर : कमीत कमी बुडवा. होडी रोलरवर असेल तर हब पाण्याच्या वर ठेवून ती मागे ढकलता येते. पाट्यांवर असेल तर ट्रेलर बुडवावाच लागतो.

दिव्यांचा प्लग पाण्यात जायच्या आधी काढा. गरम बल्ब पाण्यात गेला की फुटतो आणि फ्यूज गाडीचा उडतो.

उगमकर

पाइपची तोंडं उघडी आहेत. आत्ताच जाऊन बघितलं. उद्या सातपूर.

पाना_नंबर_१३

अजून एक राहिलं. इंजिनाच्या पायाला जो झिजणारा धातूचा तुकडा असतो, ॲनोड, तो कुठला आहे? गोड्या पाण्यासाठी बरेचजण मॅग्नेशियमचा लावतात. खाऱ्या पाण्यात तो भराभर विरघळतो, आणि तो संपला की पाळी तुमच्या ॲल्युमिनियमच्या पायाची. जस्ताचा खाऱ्या पाण्यात उत्तम, पण धरणात त्याच्यावर थर बसतो आणि तो झोपतो. तुम्ही दोन्हीकडे जाणार, तर ॲल्युमिनियमचा ॲनोड घ्या, दोन्हीकडे चालतो. त्याला रंग मारू नका. मारलेले पाहिलेत, म्हणून सांगतोय.

होडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील तर त्या जागी खाऱ्या पाण्याने पांढरी भुकटी धरते. मधे नायलॉनचा वॉशर टाका.

तीनतेरा

रो-रोच्या रॅम्पवर एवढं काय? शेवटची फेरी गेली की रात्री उतरवायची होडी. दुसऱ्या एका खाडीत आमच्या ओळखीचे लोक असंच करतात. कोणाला पत्ता लागत नाही.

खाडीपलीकडे

पत्ता लागतो. २६/११ नंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी उभी राहिली आणि गावागावांत लोक डोळे उघडे ठेवायला शिकले. रात्री अनोळखी नंबरची गाडी, तिच्यामागे होडी आणि दिवे बंद. मी स्वतःच फोन करीन. दिवसा या, कागद घेऊन या, कोणी अडवत नाही.

आणि रात्री खाडीत डोलीच्या जाळ्यांचे खुंट दिसत नाहीत. भरतीला ते पाण्याखाली जातात, वर फक्त एखादा प्लास्टिकचा कॅन तरंगताना दिसतो. पंख्यात जाळं अडकलं की तुमचं इंजिन बंद आणि त्याचं जाळं बाद.

तीनतेरा

बरं. रागावू नका.

किनाराकिनारा

कागदांवरून आठवलं. इंजिन लावलेल्या होडीला नोंदणी आणि तपासणी लागते. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आहे. धरणासाठी जलसंपदा विभागाची परवानगी असेल तर ती खाडीत चालेल असं गृहीत धरू नका. तिथे महाराष्ट्र सागरी मंडळाचं बंदर कार्यालय, तेच रॅम्पचंही सांगेल. ट्रेलरलाही मोटार वाहन कायद्याने नोंदणी लागते, त्याचा नंबर आहे ना? नसेल तर खाडीपर्यंत पोचायच्या आधीच नाक्यावर तासभर जाईल.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, सीटखाली नव्हे. तटरक्षक दलाचा आपत्कालीन नंबर १५५४, फोन पाणी न लागणाऱ्या पिशवीत ठेवा.

उगमकर

नोंदणीचे कागद तयार आहेत, ट्रेलरला नंबर आहे. बंदर कार्यालयात सोमवारी फोन करतो.

रस्त्याचं विचारतो. त्र्यंबक–जव्हार–विक्रमगड–मनोर, की समृद्धीने आमण्यापर्यंत आणि मग भिवंडी-वाड्याकडून?

रातराणी_देवळाली

त्र्यंबक रोडवर सिंहस्थाची कामं चालू आहेत, वेळ हाताशी ठेवून निघा. तोरंगण घाटात वळणं अवघड आहेत, पण ट्रेलर ओढायला मला तोच रस्ता आवडतो, कारण तिथे मागून कंटेनर हॉर्न मारत नाहीत. समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, आठेक किलोमीटरचा बोगदा थेट खाली उतरवतो. पण आमण्याहून पुढे भिवंडीच्या वाहतुकीत जो वेळ जातो त्यात जव्हारला चहा होतो. ज्याची त्याची आवड.

किनाराकिनारा

रॅम्पवरचं एक दृश्य सांगतो, जागा सांगत नाही. पाहुणे मोठ्या गाडीने आले, होडी भरतीला छान उतरवली, संध्याकाळी सुकतीला परतले. पाणी लांब गेलेलं, म्हणून ट्रेलर मागे नेत राहिले. काँक्रीट पाण्याखाली कुठे संपतं हे कोणाला ठाऊक? ट्रेलरची चाकं कडेवरून खाली गेली आणि आस काँक्रीटच्या टोकावर बसली. आता ना पुढे ना मागे. ट्रॅक्टर आला, गावातली दहा पोरं लागली, तरी ट्रेलर सरळ ओढता येईना. शेवटी पाणी पुन्हा चढेपर्यंत थांबले. रात्र झाली होती.

रॅम्पच्या टोकाला हमखास खड्डा असतो, कारण होड्या इंजिनाचा जोर लावून ट्रेलरवर चढवतात आणि पंखा तिथली माती उडवतो. म्हणून ओहोटीला एकदा जाऊन काँक्रीट कुठे संपतं ते बघा आणि काठावर, कोरड्यात, खूण लक्षात ठेवा. एखादा खांब, पायरी, काहीही. गाडीचं पुढचं चाक त्या खुणेच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

वल्हेवाली

खड्ड्याचं कारण वाचून सगळ्यांनी स्वतःची सवय तपासा. ट्रेलरवर चढवताना इंजिन वर उचला आणि विंचने ओढा. दोन मिनिटं जास्त लागतात.

खाडीपलीकडे

उगमकर, उतरवायचा क्रम मी सांगतो तसा करा. रस्त्याच्या कडेला, रॅम्पपासून दूर, सगळी तयारी उरका : पट्टे सोडा, होडीच्या तळाच्या भोकाला बूच लावा (हो, बूच, हसू नका), सामान होडीत, दोरी पुढच्या कडीला, पेट्रोलची नळी जोडून. विंचचा हूक मात्र शेवटपर्यंत सोडू नका. शेवाळी उतारावर होडी स्वतःहून घसरते आणि काँक्रीटवर आपटते. मग रॅम्पवर जा, एक जण बाहेर उभा राहून खुणा करणार, चालकाने काच खाली आणि सीटबेल्ट काढलेला. हिरव्या शेवाळाची रेघ स्पष्ट दिसते, बोलेरोची मागची चाकं तिच्या वरच राहिली पाहिजेत. तुमची गाडी मागच्या चाकांवर ओढते, तीच शेवाळावर गेली तर झालं. अंतर कमी पडत असेल तर ट्रेलर सोडून जाड दोराने खाली सोडा. चाकांमागे ठोकळे घेऊन एक माणूस तयार ठेवा, पण ट्रेलरच्या बरोबर मागे कोणी उभं राहायचं नाही.

अनवाणी उतरू नका. धक्क्याच्या खांबांना आणि दगडांना कालवं चिकटलेली असतात, कडा ब्लेडच्या. पाय कापला तर ती जखम लवकर भरत नाही.

होडी पाण्यात गेली की गाडी लगेच वर. फोटो नंतर.

अण्णा_निफाडकर

वाचूनच दमलो. द्राक्षाच्या छाटणीत एवढे नियम नाहीत.

उगमकर

अण्णा, छाटणीचे नियम तुम्ही सांगायला लागलात तर हा धागा दिवाळीपर्यंत चालेल.

सगळं वाचून बेत असा केलाय. षष्ठी धरली. पाऊणपट म्हणजे साडेचारला पूर्ण भरती, तळाची ओहोटी सकाळी सव्वादहाच्या सुमारास. पहाटे निघून साडेदहापर्यंत धक्क्यावर. पाणी तळाला असेल, तेव्हा काँक्रीटचं टोक डोळ्यांनी बघून खूण ठरवायची, तोवर हबही थंड होतील. साडेबारा-एकच्या सुमारास होडी उतरवायची, चढत्या पाण्याबरोबर पुलांकडे जायचं. साडेचारला पाणी फिरलं की त्याच्याच ओढीने खाली, साडेपाचला रॅम्पवर. तेव्हा सुकतीचा पहिलाच तास संपलेला असेल, म्हणजे पाणी जेमतेम उतरलेलं. काही चुकतंय?

वल्हेवाली

हिशेब चोख. एक गोष्ट वाऱ्याची. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून येतो, दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून. वर जाताना भरती आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीवर, म्हणून पाणी गुळगुळीत वाटेल आणि इंजिनाला काही कामच नाही असं वाटेल. साडेचारला सुकती सुरू झाली की पाणी समुद्राकडे आणि वारा समोरून. त्यात आखूड, उभ्या लाटा उठतात. परतीला पेट्रोल जाताना लागलं त्याच्या दुप्पट लागेल असं धरा आणि जड माणसं मधे बसवा. वारा जास्त वाटला तर साडेचारची वाट बघू नका, चारलाच फिरा.

अर्नाळ्याच्या मुखाकडे मात्र या फेरीत जाऊ नका. वाळूचे दांडे जागा बदलतात आणि त्यांच्यावर लाट फुटते.

उगमकर

म्हणजे "मुखापर्यंत" हे राहिलंच की.

खाडीपलीकडे

मुखापर्यंत माझ्या मामाच्या होडीतून या. अण्णांचं म्हणणं तिथे ऐका.

पुलांबद्दल : ९२ आणि ९३ नंबरचे रेल्वे पूल, मधे वाढीव गावाचं बेट. खांबांभोवती पाणी गरगरतं, सुकतीला जास्त. मधल्या गाळ्यातून सरळ जा, खांबाला होडी बांधायची नाही, नांगर टाकायचा नाही. रेतीच्या बेकायदा उपशाने खाडीचा तळ ठिकठिकाणी उकरलेला आहे, त्यामुळे दहा फुटांवर तळ लागला म्हणून पुढेही लागेल असं नाही. नांगराचा दोर लांब ठेवा. वाढीवच्या लोकांना दिसलात तर हात करा, बोलतील. त्यांचं सगळं येणं-जाणं या पुलांच्या आणि पाण्याच्या भरवशावर चाललंय.

धक्क्याचं व्यनित कळवलंय. षष्ठी बघून सोसायटीत सांगून ठेवतो, पण तुम्ही एकदा येऊन भेटाच. आणि पैसे किती द्यायचे हे विचारू नका, पावती फाडा म्हणा. पावतीपुस्तक आहे.

तीनतेरा

एक माणूस कमी पडत असेल तर मी येतो. ठोकळे धरीन.

उगमकर

या. दिवसा.

शेवटचा प्रश्न पाना दादांना. परत येईपर्यंत रात्रीचे दहा-अकरा वाजणार. इंजिन धुणं सकाळवर ढकललं तर चालेल? आमच्या सोसायटीत रात्री पाइप लावला तर सेक्रेटरी खाली येतो.

पाना_नंबर_१३

ट्रेलर वाटेतच धुवा. हायवेवर ट्रक धुणारे असतात, त्यांना आधी हब, स्प्रिंगचे पाटे आणि पाइपच्या आतून गोडं पाणी मारायला सांगा. होडीवर नंतर.

इंजिनाला पाइप नको. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप भरून ठेवा, इंजिनाचा पाय त्यात पाणी घेण्याच्या जाळीच्या बराच वर येईपर्यंत बुडवा, न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालवा. बारीक धार मारत राहिलं पाहिजे. कोरडं चालू करू नका, आतला रबरी इंपेलर काही सेकंदांत जळतो. सकाळी चालेल, पण सकाळी म्हणजे सकाळीच. मीठ आत वाळलं की थर्मोस्टॅट धरतं. संपल्यावर पिंपातलं पाणी कुंड्यांना घालू नका.

रातराणी_देवळाली

पिंप माझ्याकडे आहे, निळं, झाकणासकट. देवळालीहून न्यावं लागेल.